बाजरीतला अरगट आणि अर्धशिशीची गोळी

बाजरीला रोग कोणते, असं सांगोल्याच्या बाजूला जाणत्या शेतकऱ्याला विचारलं तर तो बोटावर तीन मोजतो: गोसावी, काणी आणि अरगट. गोसावी म्हणजे कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांच्या जटा. काणी म्हणजे दाण्यात काळी भुकटी. अरगट मात्र सुरुवातीला गोड दिसतो. बाजरी फुलोऱ्यात असताना ढग धरून राहिले, झिमझिम थांबेना, की कणसातून गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब पाझरू लागतात. कणीस मुठीत धरलं तर बोटं एकमेकांना चिकटतात. मुंग्या-माश्या जमतात आणि पायाला लागलेला तो चिकटा पुढच्या कणसावर नेतात. दोन-तीन आठवड्यांनी थेंब सुकतात आणि दाण्याच्या जागी तुसाबाहेर डोकावणारी, चोचीसारखी, तपकिरी-काळी, टणक गाठ उरते. ती गाठ म्हणजे बुरशीचं पुढच्या हंगामासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं.

अर्धशिशीवरचं पहिलं खरं औषध अशाच एका गाठीतून निघालं. पण ती गाठ बाजरीची नव्हती. हा लेख त्या थोडक्यात हुकलेल्या नात्याबद्दल आहे.

'अरगट' हा शब्द आपल्याकडे कृषी खात्याच्या पत्रकांतून आला. मूळ जुना फ्रेंच शब्द कोंबड्याच्या पायामागच्या टोकदार नखीसाठी होता. राय नावाच्या थंड मुलखातल्या धान्याच्या कणसातून असंच काळं टोक बाहेर येतं, म्हणून त्याला ते नाव पडलं. युरोपातल्या गरिबांची भाकरी रायची. ओल्या वर्षी अरगट धान्याबरोबर दळला जाई आणि गावंच्या गावं आजारी पडत. हातापायांत आग पेटल्यासारखी जळजळ, मग बोटं काळी पडून झडणं. लोक त्याला संत अँथनीची आग म्हणत. त्या संताच्या नावानं 11 व्या शतकाच्या अखेरीस रुग्णसेवेचा एक पंथ उभा राहिला आणि त्याच्या मठांत हे जळके रोगी येऊन पडत. हे सगळं भाकरीतल्या बुरशीमुळे होतं, हे पक्कं कळायला आणखी कित्येक शतकं जावी लागली.

बोटं झडतात ती रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून. हा आवळण्याचा गुण सुईणींनी वैद्यांच्या आधी हेरला होता. कळा थंडावल्या की त्या अरगटाचे मोजके दाणे देत. 1808 साली अमेरिकेतल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरनं त्याची जाहीर शिफारस केली. मात्र मात्रा चुकली की गर्भाशय फाटे, मूल दगावे, आणि लवकरच डॉक्टर मंडळीच सांगू लागली की हे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाच वापरा. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला 'मेथर्जिन' हे नाव झोपेतही आठवतं. ते इंजेक्शन याच अरगटाच्या घराण्यातलं.

आता डोक्याकडे येऊ. आपल्याकडे 'डोकं उठलं' म्हणतात. उठलेलं डोकं अर्धंच असेल तर ती अर्धशिशी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 11 शिरोरोग सांगितले आहेत. त्यात सूर्यावर्त आहे, म्हणजे उन्हाबरोबर चढणारं आणि उन्हाबरोबर उतरणारं दुखणं, आणि अर्धावभेदकही आहे. अर्धं डोकं फोडणारं हे दुखणं दहा दिवसांनी, पंधरवड्यानं किंवा अवचित येतं, असं तिथं नोंदलेलं आहे. आज न्यूरॉलॉजिस्ट रोग्याला डोकेदुखीची डायरी ठेवायला सांगतात. सुश्रुतानं तिच्यातला मुख्य रकाना आधीच भरून ठेवला होता. ग्रीकांनीही या दुखण्याला अर्ध्या कवटीचंच नाव दिलं, गेलेननं ते रूढ केलं, आणि त्याचीच मोडतोड होत 'मायग्रेन' झालं. दोन टोकांच्या दोन भाषांना अर्धंच आठवलं, यात नवल नाही. ज्याचं दुखतं त्याला ते अर्धंच दुखतं.

गावाकडे यावर उपाय होते आणि आहेत. उजाडण्याआधी दूध-जिलेबी, गूळ-तूप, सुंठ उगाळून कपाळावर लेप, नाकात तुपाचे थेंब, आणि कशानंही न थांबणाऱ्या दुखण्यावर शेवटचा अघोरी इलाज म्हणून डाग. आमची आजी यांतलं काही करत नसे. ती जुन्या धोतराची पट्टी कपाळाभोवती करकचून आवळायची, गाठ नेमकी दुखऱ्या कानशिलावर येईल अशी, आणि आतल्या खोलीत दार ओढून पडायची. भांडं आपटलं तरी आतून ओरडा यायचा. ती पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बाजारी औषधांनी गावात पाय ठेवला तो बामच्या बाटलीतून. काशिनाधुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी 1893 साली मुंबईत अमृतांजन काढलं. आज लोक ती कंपनी मद्रासची समजतात, पण ती मद्रासला गेली नंतर. पिवळ्या बामचा जन्म मुंबईचा. बाम शिरा आवळत नाही की मेंदूत काही घडवत नाही. कातडीवर थंड-गरम झोंबतं आणि मन दुखण्यावरून तिकडे वळतं. अर्धशिशीला तो पुरत नाही, हे चोळणाऱ्यालाही माहीत असतं, तरी चोळलं जातं. कुणीतरी कपाळ चोळून देतंय, हा अर्धा गुण त्यातला असावा.

डॉक्टरांकडे जायचं तर सांगोल्याला मिरज जवळची. विल्यम वानलेस यांनी तिथं 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं, आणि 1927 मध्ये बार्शी लाइटची अरुंद गाडी पंढरपूरहून सांगोल्यावरून मिरजेपर्यंत पोचली. ती छोटी गाडी धरली की दवाखान्याच्या गावालाच उतरायचं. सांगोला, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला 'मिरजेला नेलंय' हे दोन शब्द पुरतात. कुठल्या दवाखान्यात, हे कुणी विचारत नाही.

त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये अरगट कारखान्यात शिरला होता. बासेलची सँडोज ही मुळात रंग बनवणारी कंपनी. 1917 साली तिनं औषधांचा विभाग काढला आणि तो आर्थर श्टोल या रसायनज्ञाच्या हाती दिला. श्टोल नाजूक वनस्पतिद्रव्यं न मोडता वेगळी करण्यात तरबेज. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, त्यानं अरगटातून शुद्ध एर्गोटामिन वेगळं केलं. 1921 पासून ते 'जिनर्जेन' नावानं विकलं जाऊ लागलं. नावातच बाई आहे. औषध बाळंतिणींसाठी होतं. डोक्याचा विचार कंपनीच्या मनातही नव्हता.

खरं तर डोक्याचा विचार आधी होऊन गेला होता. 1883 साली ऑयलेनबुर्ग या जर्मन डॉक्टरनं अर्धशिशीवर अरगटाचा अर्क टोचून पाहिला होता. पण अर्काचा भरवसा नव्हता. एका बाटलीत जोर, दुसरीत पाणी. शुद्ध द्रव्य हाती आल्यावर 1925 मध्ये झुरिकच्या हान्स मायरनं ते अर्धशिशीच्या रोग्यांना दिलं आणि डोकी उतरली. का उतरली, याचं उत्तर 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ग्रॅहम आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी दिलं. त्यांनी रोग्याच्या कानशिलावरच्या धमनीचे ठोके यंत्रावर टिपले. दुखणं ऐन भरात असताना ठोके मोठे, फुगलेले. एर्गोटामिन शिरेतून दिलं की ठोके लहान होत गेले आणि त्याच बेतानं दुखणंही ओसरत गेलं.

आजीची पट्टी कानशिलावरच्या त्याच धमनीवर बसत होती.

म्हणून आजीला शास्त्र कळलं होतं असं मी म्हणणार नाही. ती म्हणायची भूत आवळते. पण फुगलेली रक्तवाहिनी दाबली की बरं वाटतं हा अनुभव पक्का होता, आणि पुढची तीसेक वर्षं जगातल्या डॉक्टरांचंही मत जवळजवळ तेवढंच होतं: अर्धशिशी म्हणजे फुगलेल्या शिरा, आणि औषध म्हणजे शिरा आवळणारं काहीही. 1943 मध्ये श्टोल आणि आल्बर्ट हॉफमान यांनी एर्गोटामिनची सौम्य आवृत्ती, डायहायड्रोएर्गोटामिन, बनवली आणि दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ती अर्धशिशीवर वापरली गेली. हाच हॉफमान त्याच 1943 च्या एप्रिलमध्ये अरगटापासून बनवलेलं आणखी एक द्रव्य स्वतः चाखून सायकलवर घरी गेला आणि वाटेत जगच वितळताना त्यानं पाहिलं. ते एलएसडी. बाळंतिणीचं इंजेक्शन, अर्धशिशीची गोळी आणि हिप्पींची नशा ही एकाच आईची लेकरं आहेत.

इतका अरगट आणायचा कुठून? सँडोजनं स्वित्झर्लंडच्या एमेन्टाल खोऱ्यात तो चक्क पिकवायला घेतला. सुयांच्या फळ्या बुरशीच्या द्रावणात बुडवून त्या रायच्या कणसांना टोचत आणि रोग लागण्याची वाट पाहत. रोगाचं पीक भरघोस आलं तर शेतकरी खूश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रास सरकारच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी निलगिरीच्या थंडीत राय पेरून तिथंही अरगट काढला. ज्या काळ्या गाठी आपण निवडून जाळतो, त्या तिथं वजनावर विकत घेतल्या जात होत्या.

आणि मग 1956 उजाडलं. द्विभाषिक मुंबई राज्य होण्याचं ते वर्ष. बाजरीवरचा अरगट दक्षिणेत आधीही पाहिला गेला होता, पण त्या वर्षी तो सातारा भागात साथीसारखा पसरला. माण नदी त्याच सातारा जिल्ह्यातून निघून आटपाडीवरून सांगोल्यात येते. सांगोलेकरांच्या दृष्टीनं ही वरच्या अंगाची गोष्ट. व्ही. पी. भिडे आणि आर. के. हेगडे या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी 1957 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात मुंबई राज्यातल्या बाजरीवरच्या अरगटाची नोंद छापली. पाठोपाठ 1958 मध्ये पटेल, बोमन आणि दलाल या डॉक्टरांचा निबंध आला. त्याचा विषय होता राज्याच्या दक्षिण भागात रोगट बाजरी खाऊन झालेली विषबाधेची साथ. म्हणजे कणसातला रोग भाकरीत उतरला होता.

आता कुणी युरोपचा इतिहास वाचून इथं झडलेली बोटं शोधायला गेला असता तर त्याला ती सापडली नसती. इथं माणसांना मळमळ झाली, उलट्या झाल्या, चक्कर आली आणि गुंगी आली, लांबलेली गुंगी. काही वेळानं सगळं उतरलं. पुढे 1975 मध्ये राजस्थानात अशीच साथ आली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि भट यांनी तिचा अभ्यास केला. तिथंही चित्र हेच.

फरक बुरशीच्या रसायनात होता. रायवर येते ती क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया. बाजरीवरची बुरशी आधी दुसऱ्याच नावानं ओळखली जायची, 1967 मध्ये तिला क्लॅव्हिसेप्स फ्यूसिफॉर्मिस हे स्वतंत्र नाव मिळालं. दोघी एका घरातल्या, पण स्वयंपाक वेगळा. दोघींच्या विषांचा सांगाडा एकच, चार कड्यांचा. रायवाली त्या सांगाड्याला प्रथिनाच्या तुकड्यासारखं एक लांब शेपूट जोडते आणि एर्गोटामिन तयार होतं. बाजरीवाली ते शेपूट जोडतच नाही. ती अ‍ॅग्रोक्लॅव्हिन आणि त्याच्या भावंडांवर थांबते. शिरा आवळायचं काम त्या शेपटाचं. म्हणून आपल्या बाजरीनं बोटं झडवली नाहीत, आणि म्हणूनच तिच्यातून अर्धशिशीची गोळीही निघाली नाही. विष सौम्य निघालं म्हणून औषध हुकलं. सौदा वाईट नाही, असं माझं मत.

आणखी एक गंमत शेतातच आहे. बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, परागकण मागाहून. मधल्या दिवसांत बुरशीला वाट मोकळी असते. पराग पडला की स्त्रीकेसर सुकतात आणि दार बंद. पाऊस-ढगांनी पराग धुऊन गेला की दार उघडंच राहतं. म्हणजे अरगट हा सुकाळाचा रोग. सांगोला तालुक्याचा आकाशाकडे पाहून जन्म गेला. फुलोऱ्यात लागून राहणारा पाऊस इथं वरदान मानायचे. कोरड्या हवेनं या तालुक्यावर केलेले उपकार मोजायला बसलं तर अरगटापासून बऱ्याच अंशी झालेला बचाव हा त्यांतला एक निघेल. डाळिंब हा दुसरा.

1960 नंतरची औषधांची गोष्ट भराभर सांगता येते, कारण तिच्यात बुरशी नाही. नुसत्या शिरा आवळून भागत नाही, सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा यात हात आहे, हे लक्षात आलं होतं. ते शिरेतून दिलं की दुखणं थांबे, पण माणूस इतर त्रासांनी बेजार होई. ग्लॅक्सो कंपनीतल्या पॅट्रिक हम्फ्री यांच्या चमूनं 1972 पासून अशा रेणूचा शोध घेतला, जो सेरोटोनिनच्या नेमक्या एका कुलपालाच लागेल. सुमाट्रिप्टान 1984 मध्ये हाती आलं आणि 1991 मध्ये बाजारात. आपल्याकडे 1970 च्या कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त पद्धतीवर मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ते आपल्या पद्धतीनं बनवलं आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं.

दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचा इतिहास तर सगळा उसनवारीचा. प्रोप्रॅनोलॉल छातीत दुखण्यासाठी होतं. 1966 मध्ये रॅबकिन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की हृदयाच्या रोग्याची अर्धशिशीही कमी झाली. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मनाच्या उदासीसाठी, व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट फिटसाठी. पेशंट गोळीचं नाव गुगलवर टाकतो आणि 'मला फिट येतात का हो?' म्हणत घाबराघुबरा परत येतो. फक्त अर्धशिशीचाच विचार करून घडवलेलं प्रतिबंधक औषध यायला 2018 उजाडावं लागलं. दुखण्याच्या वेळी मेंदूच्या नसांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांनी 1990 च्या आसपास दाखवलं होतं. त्याला अडवणाऱ्या एरेनुमॅब या इंजेक्शनला मे 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि 2021 चं ब्रेन प्राइझ या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मिळालं.

या सगळ्यात एर्गोटामिन मागे पडलं का? पाश्चात्त्य देशांत बरंचसं पडलं. आपल्याकडे नाही. व्हॅसोग्रेन नावाची गोळी मेडिकलवाल्याच्या हाताशी असते: 1 मिलिग्रॅम एर्गोटामिन, 100 मिलिग्रॅम कॅफीन, 250 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवायला 2.5 मिलिग्रॅम प्रोक्लोरपेराझिन. उलटीचं औषध सोबत का, तर अर्धशिशीत मळमळ असतेच आणि एर्गोटामिन स्वतःही मळमळ आणतं. 1956 च्या बाजरीचा हा दूरचा सूर इथंही लागतो.

ही गोळी वाईट नाही. वाईट आहे ती तिची सवय. महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस अशी गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात जात राहिली, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करते. मग माणूस त्यावर आणखी एक गोळी घेतो. साध्या पॅरासिटामॉलला ही मर्यादा पंधरा दिवसांची. दुसरा धोका जुनाच आहे. एर्गोटामिनचा निचरा यकृत करतं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर हा निचरा अडवतात. मग एवढीशी मात्रा रक्तात साचते, हातापायांच्या शिरा आवळल्या जातात आणि बोटं थंड, निळी, काळी पडू लागतात. संत अँथनीची आग, पण भाकरीतून नाही, पाकिटातून.

अरगट लागलेल्या बियाण्याला आपल्याकडे फार साधा उपाय सांगितला जातो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, बियाणं त्यात ओतायचं, ढवळायचं. गाठी आणि हलकं बी वर तरंगतं. ते काढून जाळायचं. तळाला बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं आणि पेरायचं.

गोळीच्या पाकिटावर असं काही तरंगून वर येत नाही, ते वाचावं लागतं. तुमच्या घरात डोकेदुखीची गोळी असेल तर तिची मागची बाजू उजेडात धरा. बारीक अक्षरांत एर्गोटामिन दिसलं, तर पुढच्या वेळी ताप-खोकल्यासाठी जाल तेव्हा अँटिबायोटिक लिहून घेण्याआधी ते नाव डॉक्टरांना सांगा. घरातली बाई गरोदर असेल, किंवा कुणाला हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल, तर ती गोळी त्यांच्या हाती पडू देऊ नका.